वाचकांचे प्रश्न : गव्हाणी घुबड आणि वाघ, शिकारी म्हणून कोण वरचढ?

मागच्या अंकात आम्ही एक वाक्य लिहिले होते : ‘हत्यारांची अचूकता पाहिली तर गव्हाणी घुबड वाघाच्या पुढे आहे.’ या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी आख्ख्या अंकावर आली नाहीत. काही कुतूहलाची, काही चक्क रागाची. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : वाघ गव्याला लोळवतो, घुबड उंदीर उचलते. यात तुलना ती कसली? (निवृत्त शिक्षक, कोथरूड)

उत्तर : आधी वजने पाहू. गव्हाणी घुबड साधारण ३०० ते ६०० ग्रॅमचे. आपल्याकडचा पट्टेरी वाघ, नर असेल तर १८० ते २५० किलो, मादी १०० ते १६० किलो. घुबडाला दिवसाला साधारण ७५ ते १०० ग्रॅम भक्ष्य लागते, म्हणजे स्वतःच्या वजनाचा पाचवा-सहावा हिस्सा. वाघाची सरासरी काढली तर रोजचे पाच-सहा किलो मांस, म्हणजे वजनाच्या जेमतेम तीन टक्के. पण वाघ रोज जेवत नाही. सात-आठ दिवसांतून एक मोठी शिकार, तिच्यावर एका बैठकीत वीस-तीस किलो, मग तीन-चार दिवस त्याच जागी मुक्काम. वर्षाकाठी चितळ-सांबरासारखी पन्नासेक जनावरे त्याला पुरतात. घुबडाचा वर्षाचा आकडा हजाराच्या घरात जातो. घुबडाची कमाई रोजंदारीची, वाघाची ठोक कामाची.

हा फरक आवडीनिवडीचा नाही, शरीराच्या गणिताचा आहे. मांसाहारी सस्तन प्राण्याचे वजन साधारण वीस किलोच्या वर गेले की छोट्या भक्ष्यावर त्याचा खर्च भागत नाही. त्याला आपल्या वजनाच्या आसपासचे जनावर पाडावे लागते. वाघाने उंदरांवर जगायचे म्हटले तर १०० ग्रॅमचे पन्नास-साठ उंदीर रोज हवेत, आणि ते पकडताना जी ताकद जाईल ती वेगळीच. उलट, घुबडाला चितळाचे पाडसही निरुपयोगी. ते भक्ष्य शक्यतो आख्खे गिळते. घशातून जे जात नाही ते त्याच्या फारसे कामाचे नाही.

त्यामुळे ‘कोण बलवान’ हा प्रश्न विचारलात तर उत्तर ठरलेलेच आहे. गव्याच्या शिंगासमोर उभे राहायची जोखीम घुबड कधी घेत नाही, वाघ घेतो. आमचे वाक्य अचूकतेबद्दल होते आणि ते मागे घ्यायचे कारण आम्हाला अजून दिसलेले नाही. जॉर्ज शॅलर यांनी १९६०च्या दशकात कान्हाच्या जंगलात वाघांचा अभ्यास केला. त्यांचा अंदाज असा की वीसेक प्रयत्नांत वाघाला एकदा यश येते. इतक्या वेळा हात हलवत परतणे घुबडाला परवडणार नाही.

प्रश्न : घुबडाला मिट्ट काळोखात दिसते, असे लहानपणापासून ऐकतो. वाघालाही दिसते. मग घुबडाचे विशेष काय? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : मिट्ट काळोखात कोणालाच दिसत नाही. डोळ्याला थोडा तरी उजेड लागतो, मग तो चांदण्यांचा का असेना. वाघाच्या डोळ्यात पडद्यामागे चकाकणारा थर असतो. पडद्यातून निसटलेला प्रकाश तिथून परत फिरतो आणि दुसऱ्यांदा कामी येतो. जीपच्या दिव्यात वाघाचे डोळे पेटल्यासारखे दिसतात ते यामुळे. पण उजेड शून्य झाला तर वाघाचा डोळा थांबतो. गव्हाणी घुबडाचे काम तिथेही चालू राहते, कारण ते कानाने शिकार करते.

हे सिद्ध केले रॉजर पेन यांनी, जे पुढे देवमाशांच्या गाण्यांच्या अभ्यासामुळे जगाला माहीत झाले. त्यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पाचोळा पसरला आणि उंदीर सोडला. घुबडाने तो उचलला. वासावर किंवा अंगाच्या उबेवर जात असेल, अशी शंका येणारच. म्हणून उंदराएवढा कागदाचा बोळा दोरीने पाचोळ्यातून ओढला. घुबडाने त्यावरही झडप घातली. मग एका कानात बोळा बसवला, तेव्हा मात्र नेम चुकला. हे काम १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅलिफोर्नियात मासाकाझू कोनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या जागांचा चक्क नकाशा असतो, हे दाखवून दिले.

आता तुमच्या विषयाला जवळचा भाग. घुबडाचे दोन कान एका पातळीवर नसतात. डाव्या कानाचे भोक थोडे वर आणि त्याचा रोख खाली. उजव्याचे थोडे खाली आणि रोख वर. आवाज डावीकडून आला तर डाव्या कानात सेकंदाच्या काही लाखांश भागाइतका आधी पोचतो. त्यावरून आडवी दिशा कळते. आवाज खालून आला तर डाव्या कानात जास्त मोठा ऐकू येतो. त्यावरून उभी दिशा कळते. दोन्ही हिशेब एकाच वेळी होतात आणि चूक एक-दोन अंशांपलीकडे जात नाही. चेहऱ्याची ती बदामी तबकडी शोभेची नाही. तिच्या कडेची ताठ, दाट पिसे आवाज गोळा करून कानांकडे वळवतात. पाचोळ्याची खसखस, उंदराची चूंचूं असे उंच पट्टीचे आवाज तिच्यात नेमके पकडले जातात.

वाघाचे कानही तिखट असतात, दोन्ही स्वतंत्र फिरतात. पण कानावरून त्याला ‘तिकडे काहीतरी आहे’ एवढे कळते. शेवटचा नेम डोळ्यानेच.

प्रश्न : दोघेही आवाज न करता येतात. त्यात जास्त वाकबगार कोण? (वाचक, औंध)

उत्तर : घुबड, आणि तेही दोन कारणांनी. भक्ष्याला चाहूल लागू नये हे एक. पंखांच्या फडफडाटात स्वतःचेच कान बंद पडू नयेत हे दुसरे, आणि कानावर शिकार करणाऱ्याला ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे.

गळून पडलेले गव्हाणी घुबडाचे पीस नीट पाहिले तर युक्ती कळते. पंखाच्या सर्वांत बाहेरच्या मोठ्या पिसाच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात. ते समोरून येणारी हवा विंचरतात, तिचे मोठे भोवरे होऊ देत नाहीत. मागच्या कडेला मऊ झालर असते. वरचा पृष्ठभाग मखमलीसारखा लवदार, त्यामुळे पिसावर पीस घासले तरी सळसळ होत नाही. शिवाय अंगाच्या मानाने पंख फार मोठे, म्हणून ते कमी वेगात, कमी फडफडीत तरंगत जाते. (पीस पाहा आणि तिथेच ठेवा. वन्य पक्ष्यांची पिसे घरी जमवू नयेत.)

पण या मखमलीची किंमत असते. ही पिसे पाण्यापुढे फारशी टिकत नाहीत. भिजली की जड होतात, ऊब धरत नाहीत. त्यात पावसाच्या आवाजात उंदराची खसखस ऐकू येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चार-पाच रात्री रिपरिप थांबली नाही तर घुबडाची उपासमार सुरू होते, कारण त्याच्या अंगात साठा थोडा. वाघ आठवडाभर पोट मारून राहू शकतो.

वाघाचे मौन साधे आहे. तळव्याच्या मऊ गाद्या, आत ओढलेली नखे, आणि पुढचा पाय जिथे पडला तिथेच किंवा जवळपास मागचा पाय टाकण्याची चाल. भक्ष्यापासून वीस-तीस मीटरवर पोचेपर्यंत त्याला दडून राहावे लागते, तिथून पुढे झेप. पहिल्या शे-दोनशे मीटरांत जमले नाही तर तो बहुधा नाद सोडतो. त्याचा भडक नारिंगी रंग यात आड येत नाही. हरणांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही, म्हणून त्यांना तो गवतातच मिसळलेला दिसतो.

प्रश्न : शेवटच्या क्षणी नेमके काय होते? (तोच वाचक)

उत्तर : घुबड डोके भक्ष्याच्या रेषेत ठेवून खाली येते. अगदी शेवटी डोके मागे घेते आणि जिथे चेहरा होता तिथे पाय फेकते. प्रत्येक पायाचे बाहेरचे बोट मागे वळते, त्यामुळे दोन बोटे पुढे, दोन मागे, अशी पकड पसरते. नख्या आवळल्या की उंदीर बहुतेक तिथेच संपतो. नाही तर मानेवर चोचीचा एक चिमटा. गिळताना डोके आधी. मधल्या बोटाच्या नखाला कंगव्यासारखे दाते असतात, ते पिसे साफ करायला.

वाघाचे सुळे सहा-सात सेंटिमीटर लांब. लहान जनावर असेल तर मानेचा चावा, मणकाच तुटतो. सांबर किंवा गवा असेल तर गळा धरतो आणि श्वास कोंडेपर्यंत सोडत नाही. याला काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ समोरच्याचे खूर आणि शिंगे मोकळी असतात. खायला सुरुवात बहुधा मागच्या फऱ्यापासून. सुळा मोडला किंवा साळिंदराचे काटे पंजात रुतून बसले, तर वाघ गुराढोरांकडे वळण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्याखाली काळ्या, केसाळ गोळ्या पडतात. घुबडाच्या आहेत असे शेजारी म्हणतात. मुलांना त्यातून काही शिकवता येईल का? (सदाशिव पेठ)

उत्तर : येईल, आणि यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही. तीन ते पाच सेंटिमीटर लांब, काळसर, ताजेपणी तुकतुकीत असतील तर त्या गव्हाणी घुबडाने ओकून टाकलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट. ती विष्ठा नव्हे. घुबडाच्या जठरातले आम्ल ससाण्या-गरुडांच्या मानाने सौम्य असते, त्यामुळे हाडे विरघळत नाहीत. केसांत गुंडाळून दिवसाला एक-दोन गोळ्या बाहेर पडतात.

गोळा करायच्या त्या घुबड बाहेर गेल्यावर, आणि वर पिल्ले फिसफिसत असतील तर सध्या राहू द्या. हातमोजे आणि मास्क घाला. गोळ्या कागदी पाकिटात ठेवून चांगल्या वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या की बुरशी धरतात. वाळवल्यावर हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आतल्या कसरीच्या अळ्या मरतात. जंतू मात्र थंडीने मरत नाहीत, म्हणून हातमोजे शेवटपर्यंत. हा डबा स्वयंपाकाच्या फ्रीझरमध्ये नको.

उघडताना पांढऱ्या बशीत कोमट पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, गोळी तासभर भिजू द्या. उकळते पाणी वापरू नका, बारीक हाडे ठिसूळ होतात. मग चिमट्याने आणि दाभणाने केस बाजूला सारायचे. ओढायचे नाहीत, ओढले की कवटीचा जबडा निखळतो. हाडे पांढरी करायची असतील तर तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड काही तास पुरते. घरातले ब्लीच हाड खाते.

ओळखायचे दातांवरून. पुढे पिवळे-नारिंगी, वाकडे दोन दात आणि मग दाढांपर्यंत मोकळी फट असेल तर उंदीर. फट नाही, टोकदार पांढऱ्या दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. मोजताना नेहमीची चूक म्हणजे फक्त कवट्या मोजणे, त्या फुटतात. खालचे जबडे टिकतात, म्हणून उजवे वेगळे, डावे वेगळे ठेवा आणि ज्या बाजूचे जास्त भरतील तो आकडा धरा. एका गोळीत बहुधा तीन-चार प्राणी निघतात.

वाघाचा आहारही असाच शोधतात, विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. पण ते काम वनखात्याच्या परवानगीने अभ्यासक करतात. सफारीला जाऊन खिशात घालून आणायची ती वस्तू नाही.

प्रश्न : उसात आणि गोदामात उंदरांनी उच्छाद मांडलाय. घुबडाची पेटी लावली तर खरेच फरक पडतो का? (शेतकरी, मंचर)

उत्तर : पडतो, पण जाहिरातीत सांगतात तसा नाही. मलेशियात तेलताडाच्या बागांतून पेट्या लावून हा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तुमच्याकडे अडचण उसाची आहे. ऊस दाटला की घुबड आत उतरू शकत नाही, पंख अडतात. ते शिकार करते बांधावर, पाटाच्या कडेला, तोडणी झालेल्या फडात आणि गोदामाच्या अंगणात. म्हणून उसासाठी लागणीनंतरचे पहिले काही आठवडे आणि तोडणीनंतरचा काळ कामाचा. भुईमूग, गहू, हरभरा अशा उघड्या पिकांत उपयोग जास्त.

पेटी अशी करा. तळ ६० × ४० सेंटिमीटर. प्रवेशाचे भोक १३ × १३ सेंटिमीटर. भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत किमान ४५ सेंटिमीटर खोली हवी. हे माप सगळ्यात जास्त चुकते. उथळ पेटीत पिल्ले वाढली की दाराशी गर्दी करतात आणि उडता येण्याआधी खाली पडतात. १२ मिलिमीटरचा पाण्याला टिकणारा प्लायवूड घ्या, आतून रंग नको. तळाला सहा-आठ मिलिमीटरची पाच-सहा भोके पाडा. छप्पर उतरते आणि पुढे आलेले. नुसता पत्रा ठोकू नका, एप्रिल-मेच्या उन्हात आत भट्टी होते. तोंड पूर्वेकडे ठेवा, म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊस आत येत नाही. उंची चार ते पाच मीटर, समोर मोकळे शेत. खांबावर लावली तर मध्यावर पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळा. मांजर आणि साप चढत नाहीत. गवत, कापूस काही घालू नका, घुबड घरटे बांधत नाही. महामार्गालगत पेटी नकोच. घुबड दोन-तीन मीटर उंचीवरून उडते आणि ट्रकला धडकते.

पेटीसोबत शेतात टी आकाराचे पक्षिथांबे उभे करा, दीड-दोन पुरुष उंच. पेटी वर्षभर रिकामी राहिली तरी काढू नका.

आणि विष. हा मुद्दा पेटीपेक्षा मोठा आहे. ब्रोमॅडिओलोन हे उंदीरनाशक खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणे थांबते आणि तो दोन-चार दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाला असा उंदीर सोपा सापडतो. विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. झिंक फॉस्फाइडने उंदीर काही तासांत मरतो आणि विष बरेचसे त्याच्या पोटातच राहते, म्हणून धोका तुलनेने कमी. पण शून्य नाही. पेटी आणि ब्रोमॅडिओलोन एकाच शेतात ठेवू नका. पिंजरे, धान्याखाली उंच फळ्या आणि बिळे बुजवणे, हे घुबडाच्या जोडीला चालते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : पूर्ण वाढलेली घूस घुबडाच्या आवाक्याबाहेर आहे. ती किलोभर भरते, घुबडाच्या दुप्पट. तिच्यासाठी पिंजराच.

प्रश्न : आमच्या भागात कुत्रे मारले गेले. वाघ आला असे लोक म्हणतात. (जुन्नर तालुका)

उत्तर : जुन्नर-आंबेगावच्या उसात असतो तो बिबट्या. पुण्याच्या जवळचे वाघांचे राखीव जंगल म्हणजे २०१० मध्ये जाहीर झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, कोयना आणि चांदोलीचा. ठसा मोजा : बिबट्याचा साधारण सात ते दहा सेंटिमीटर रुंद, वाघाचा बारा ते सोळा. चिखलात ठसा पसरतो, म्हणून ओलसर कडक मातीवरचा धरा. मोजून झाल्यावर वनखात्याला १९२६ वर कळवा. शोधायला एकट्याने उसात शिरू नका.

प्रश्न : वाघ आणि घुबडाची झुंज झाली तर? (इयत्ता चौथी, हडपसर)

उत्तर : होणार नाही. वाघाला एवढ्याशा पिसांच्या गोळ्यात रस नाही आणि घुबड झाडावर असेल. घुबडाला भीती मोठ्या शृंगी घुबडाची, मांजराची आणि दिवसा मागे लागणाऱ्या कावळ्यांची. वाघाला भीती दुसऱ्या वाघाची. आणि रानकुत्र्यांची टोळी मोठी असेल तर तो वाट सोडतो.

प्रश्न : गॅलरीत घुबडाचे पांढरे पिल्लू पडले आहे. सोसायटीतले लोक अपशकुन म्हणतात. काय करावे? (सिंहगड रस्ता)

उत्तर : अपशकुन वगैरे काही नाही, जिथे घुबड तिथे उंदीर, एवढाच त्याचा अर्थ. पिल्लू धडधाकट असेल आणि घरटे दिसत असेल तर हातमोजे घालून परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. घरटे सापडत नसेल किंवा जखम असेल तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल घालून अंधारात ठेवा. दूध, पाव, पाणी काही पाजू नका, श्वासनळीत जाते. १९२६ वर फोन करा. ते फिसफिसते आणि मागे झुलते ते घाबरून. कोणी शाप देत नाही. पाळायला ठेवू नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. दिवाळीच्या आसपास कोणी जादूटोण्यासाठी घुबड ‘मागायला’ आले तर हाच नंबर.